नाशिकच्या कॉलेजात नवे आहात? ऑनलाइन कॅम्पसची घडी अशी बसवा

प्रवेश पक्का झाला की पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंकांचा पाऊस सुरू होतो. एबीसी आयडी काढा, स्वयमवर नोंदणी करा, या वेबिनारला हजेरी लावा, हा फॉर्म आजच भरा. सुरगाणा, पेठ किंवा येवल्याहून आलेल्या आणि घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलामुलींना यातले काय केलेच पाहिजे आणि काय सोडले तरी चालेल, हे सहसा कोणी सांगत नाही. खाली ते क्रमाने दिले आहे. हा क्रम पाळा, कारण ऑनलाइन कॅम्पसमध्ये मुले अभ्यासामुळे फारशी अडकत नाहीत. अडकतात ती नाव, मोबाइल आणि तारखांपायी.

आधी नाव जुळवा

दहावीची गुणपत्रिका, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक शेजारी शेजारी ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर लावून वाचा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधारवर बहुधा शेवटी. या क्रमाने सहसा काही बिघडत नाही. बिघडते ते स्पेलिंगने. ‘भोये’मध्ये वाय आहे की नाही, ‘जाधव’च्या शेवटी व्ही आहे की ओ, ‘श्रद्धा’त डी एक आहे की दोन, वडिलांचे नाव पूर्ण आहे की नुसते आद्याक्षर, हे बघा.

फरक सापडला तर आधार बदलून गुणपत्रिकेसारखे करून घ्या. उलटे करायला जाऊ नका. गुणपत्रिकेतली दुरुस्ती शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जाते आणि तिला वेळ लागतो, शिवाय पुढची सगळी कागदपत्रे दहावीच्या नावावरच बेतलेली असतात. चूक मुळात गुणपत्रिकेतच असेल तर मात्र दुसरा इलाज नाही. शाळेत अर्ज लवकरात लवकर द्या. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. म्हणून केंद्रावर टाइप झालेले नाव पावतीवर नीट वाचा आणि मगच होकार द्या.

दुसरी अडचण मोबाइलची. पुष्कळ मुलांच्या आधारला वडिलांचा नंबर जोडलेला असतो. मुलगा पंचवटीतल्या होस्टेलवर, वडील गावी शेतात आणि तिथे रेंज नाही. ओटीपी काही मिनिटेच चालतो, तेवढ्यात फोन लागत नाही आणि अर्ज तिथेच अडकतो. स्वतःचा नंबर आधारला जोडून घ्या. आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे दिले की झाले, त्यासाठी कागद लागत नाहीत. बदल दिसायला काही दिवस जातात, त्यामुळे हे काम परीक्षेचा अर्ज भरायच्या आठवड्यावर ढकलू नका. जोडलेले सिम रिचार्ज संपल्यावर तसेच पडू देऊ नका. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला दिला जातो.

मेल दोन ठेवा. कॉलेजने दिलेला मेल क्लासरूम, सूचना आणि वर्गाच्या मीटिंगसाठी. स्वयम, डिजिलॉकर (सरकारी कागदपत्रे ठेवायचे अॅप), इंटर्नशिप, प्रमाणपत्रे अशा ठिकाणी मात्र स्वतःचा खासगी मेल द्या, कारण पदवी झाली की कॉलेजचा मेल बंद होऊ शकतो आणि त्यावर आलेली प्रमाणपत्रेही गेली. खासगी पत्ता साधा असावा, नाव-आडनाव आणि हवा तर एखादा आकडा. अकरावीत हौसेने काढलेला, ‘किंग’ किंवा ‘बॉस’ असलेला पत्ता नोकरीच्या अर्जावर शोभत नाही.

एबीसी आयडी काढताना विद्यापीठ चुकवू नका

एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) म्हणजे तुमची क्रेडिट, विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक, जमा होणारे खाते. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२१ मध्ये त्याचे नियम आणले. आता परीक्षेच्या अर्जावर बहुतेक ठिकाणी हा बारा अंकी क्रमांक मागतात. हाच क्रमांक ‘अपार’ या नावानेही दिसतो. शाळेने तुमचा अपार क्रमांक आधीच काढला असेल तर तो डिजिलॉकरमध्ये दिसतो का ते पाहा, दुसरा काढायच्या भानगडीत पडू नका. नसेल तर असे करा:

१. डिजिलॉकर अॅप घ्या. आधार क्रमांक टाका, ओटीपी टाका, सहा अंकी पिन ठरवा आणि वहीत लिहून ठेवा.

२. अॅपमध्ये एबीसी किंवा अपार शोधा. नाव आणि जन्मतारीख आधारवरून आपोआप येते, तिथे बदलता येत नाही. आधी नाव जुळवा म्हटले ते यासाठीच.

३. संस्था निवडा, प्रवेशाचे वर्ष टाका, ओळखीच्या प्रकारात नवा प्रवेश किंवा नोंदणी क्रमांक निवडा.

४. क्रमांक आला की त्याची पीडीएफ उतरवून घ्या आणि खासगी मेलवर स्वतःलाच पाठवा.

सगळ्यात जास्त चुका तिसऱ्या पायरीवर होतात. नाशिकमध्ये दोन सरकारी विद्यापीठांची मुख्यालये आहेत: दिंडोरी रोडला म्हसरूळमध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि गंगापूर धरणाजवळ गोवर्धनला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. कॉलेज नाशिकला आहे म्हणून मुले यादीत ‘नाशिक’ शोधतात आणि जे दिसेल ते निवडून मोकळी होतात. पण एचपीटी-आरवायके, केटीएचएम, बीवायके अशा कला, वाणिज्य आणि विज्ञानाच्या कॉलेजांचे विद्यापीठ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. वैद्यकीय, दंतवैद्यक, आयुर्वेद, नर्सिंग असेल तर आरोग्य विज्ञान. मुक्त विद्यापीठ फक्त तिथे नाव घातलेल्यांनी निवडायचे, मग त्यांचे अभ्यासकेंद्र शहरातल्या कुठल्याही कॉलेजात असो. खात्री नसेल तर प्रवेशाच्या पावतीवर विद्यापीठाचे नाव वाचा किंवा कार्यालयात विचारा.

जमा झालेली क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात. शिक्षण मध्येच थांबले तरी आधी मिळवलेले वाया जात नाही. नोकरी किंवा लग्नामुळे शिक्षण थांबवावे लागणाऱ्या मुलींनी हे जरूर लक्षात ठेवावे.

स्वयम आणि एनपीटीईएल: इथे वेळ द्या

ऑनलाइन कॅम्पसमध्ये खरोखर पदरात काही पडते ते इथे. स्वयम हे केंद्र सरकारचे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. त्यावरचे अभ्यासक्रम नऊ राष्ट्रीय समन्वयक संस्था चालवतात. अभियांत्रिकी आणि विज्ञानाचे बहुतेक अभ्यासक्रम एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटी आणि आयआयएस्सीचे. कला-वाणिज्यच्या पदवीच्या मुलांनी सीईसी या समन्वयक संस्थेचे अभ्यासक्रम पाहावेत, व्यवस्थापनाच्या मुलांनी आयआयएम बंगळूरुचे. व्हिडिओ पाहणे, असाइनमेंट सोडवणे, चर्चेत प्रश्न विचारणे सगळे फुकट आहे. पैसे लागतात ते केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची असेल तरच. एनपीटीईएलचे शुल्क दर विषयाला १००० रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना प्रमाणपत्र जोडल्यावर निम्मी सवलत मिळते.

विषय निवडण्याआधी विभागातल्या समन्वयक सरांना किंवा मॅडमना भेटा. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंतची क्रेडिट ऑनलाइन घेता येतात, पण तुमच्या कॉलेजात कोणता अभ्यासक्रम कोणत्या विषयाऐवजी चालेल हे तिथली यादी ठरवते. यादीबाहेरचा अभ्यासक्रम करूनही ज्ञान मिळेल, क्रेडिट मिळेलच असे नाही. होकार तोंडी घेऊ नका. मेलवर किंवा अर्जावर सहीनिशी घ्या. सहा महिन्यांनी समन्वयक बदललेले असतात. एनपीटीईएलचा चार आठवड्यांचा अभ्यासक्रम एका क्रेडिटचा, आठचा दोन, बाराचा तीन, असा हिशेब आहे.

सत्रे दोन: एक जानेवारीत सुरू होते, एक जुलैत. आता नीट ऐका, कारण मुलांचे सत्र वाया जाते ते इथेच. अभ्यासक्रमाला नाव नोंदवणे आणि परीक्षेला नाव नोंदवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन फॉर्म, दोन शेवटच्या तारखा. ‘जॉइन’ दाबले की आपले काम झाले असे समजून कितीतरी मुले बाराही आठवडे व्हिडिओ पाहतात, असाइनमेंट भरतात आणि परीक्षेचा फॉर्म भरलेलाच नसतो. तारीख उलटून गेल्यावर विनवण्या करून उपयोग होत नाही. नोंदणी केली त्याच दिवशी दोन्ही तारखा मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि आठवण तीन दिवस आधीची लावा. परीक्षेच्या फॉर्मवर जे नाव आणि जो फोटो द्याल तोच प्रमाणपत्रावर छापून येतो. केंद्राच्या यादीत नाशिक असेल तर फॉर्म लवकर भरा. शहरातल्या जागा भरल्या की दुसऱ्या शहराचा प्रवास नशिबी येतो.

गुणांचा हिशेब असा. असाइनमेंटचे २५, परीक्षेचे ७५. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० हवेत, दोन्ही वेगवेगळे. परीक्षेत ६० मिळाले आणि असाइनमेंटचे ९ भरले, तर बेरीज ६९ होऊनही हाती काही लागत नाही. असाइनमेंटमध्ये सगळ्यांत चांगल्या तेवढ्या धरतात: चार आठवड्यांत ४ पैकी ३, आठमध्ये ८ पैकी ६, बारामध्ये १२ पैकी ८. जुलैच्या सत्राचे बारा आठवडे गणपती, नवरात्र आणि द्राक्षाच्या गोडी छाटणीच्या दिवसांत येतात. निफाड-दिंडोरीच्या मुलांना तेव्हा घरी हातभार लावायला जावे लागते. चार आठवड्यांची ही सूट त्या दिवसांसाठी राखून ठेवा, ऑगस्टमध्ये कंटाळा आला म्हणून उडवू नका.

असाइनमेंट मुदतीपर्यंत कितीही वेळा भरता येते, शेवटची धरली जाते. म्हणून पहिल्या दिवशी येईल तेवढे भरून टाका, मग सुधारा. उत्तरांवर खुणा केल्या आणि ‘सबमिट’ दाबले नाही, किंवा दाबले पण नेट गेले, तर ती भरलीच नाही असे धरतात. दाबल्यावर पानावर तारीख-वेळ उमटते. ती दिसली तरच झाले समजा. शेवटच्या रात्री अकरानंतर भरायला बसणे म्हणजे संकटाला आमंत्रण, कारण तेव्हा अख्खा देश तेच करत असतो.

परीक्षा घरून देता येत नाही. केंद्रावर संगणकासमोर बसायचे, हॉल तिकीट छापून आणि मूळ फोटो ओळखपत्र घेऊन. मोबाइलमधला फोटो दाखवून चालेल या भरवशावर राहू नका. एकूण ४० ते ५९ ला साधे प्रमाणपत्र, ६० पासून ‘एलिट’, ७५ पासून त्यावर रौप्य, ९० पासून सुवर्ण. पहिल्या वर्षी एका सत्रात एकच अभ्यासक्रम घ्या. हौसेने चार-चार घेतलेले गडी दुसऱ्या आठवड्यात चारही सोडतात.

व्याख्याने बहुतेक इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून आलेल्यांनी वेग पाऊणपट करावा, इंग्रजी सबटायटल लावावीत. काही अभ्यासक्रमांच्या व्याख्यानांचे मराठी भाषांतरही एनपीटीईएलच्या संकेतस्थळावर आहे, तुमच्या विषयाचे आहे का ते बघावे. अडलेल्या शब्दासाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन मिळतात: ‘टॉर्क’ किंवा ‘डिप्रिसिएशन’ला मराठीत काय म्हणतात ते कळले की अर्धे कोडे सुटते. संकल्पना समजून घ्यायला मराठी विश्वकोश आहेच. त्याच्या नोंदी यंत्राने भाषांतर केलेल्या नाहीत, जाणकारांनी लिहिलेल्या आहेत.

पुस्तके आणि प्रयोग

ग्रंथपालांना भेटून विचारायचा प्रश्न एकच: ‘आपल्या कॉलेजात एन-लिस्ट आहे का?’ गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ही सेवा आहे. कॉलेजची वर्गणी चालू असेल तर ग्रंथपाल तुमच्या मेलवर युजर आयडी काढून देतात आणि ई-पुस्तके, नियतकालिके घरबसल्या उघडतात. मेल स्पॅममध्ये जातो, तिथे बघा. आयडी मिळाल्यावर वर्षभर वापरला नाही तर तो बंद झालेला असू शकतो. पुन्हा सुरू करून मागायला लाजू नका, ग्रंथपालांना उलट बरे वाटते.

नॅशनल डिजिटल लायब्ररी आयआयटी खरगपूरने उभी केली आहे आणि ती सर्वांना खुली आहे. शोधताना डावीकडच्या चाळणीत भाषा आणि पातळी निवडा, नाहीतर लाखो नोंदींत बुडाल. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाला शोधगंगा, म्हणजे पीएचडीच्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह, उपयोगी पडते. तिथे प्रबंध प्रकरणवार तुकड्यांत ठेवलेले असतात. पूर्ण प्रबंध उतरवत बसू नका. आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे प्रकरण आणि संदर्भसूची एवढेच उघडा, वाचायचे काय ते त्यातून कळते. मुक्त विद्यापीठाची मराठी पाठ्यपुस्तके विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मिळतात. तुम्ही तिथले विद्यार्थी नसलात तरी मराठीतून अर्थशास्त्र किंवा लेखाशास्त्र समजून घ्यायला ती सोपी आहेत.

विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या मुलांसाठी व्हर्च्युअल लॅब आहेत, केंद्र सरकारच्या योजनेतून आयआयटी आणि इतर संस्थांनी मिळून केलेल्या. प्रत्येक प्रयोगात उद्देश, सिद्धांत, पूर्वचाचणी, कृती, सिम्युलेशन आणि उत्तरचाचणी असे भाग असतात. मुले थेट सिम्युलेशन उघडतात, दोन बटणे फिरवतात आणि बंद करतात. प्रात्यक्षिकाच्या आदल्या रात्री पूर्वचाचणी सोडवा, सिम्युलेशनमध्ये एक राशी बदलत नेऊन पाच वाचने घ्या आणि आलेख काढा. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत उपकरणाने वेगळे काही दाखवले तर चूक जोडणीत आहे की वाचनात, ते लगेच ध्यानात येते. काही प्रयोग मोबाइलवर नीट चालत नाहीत, पडदा अर्धाच दिसतो. कॉलेजचा संगणक वापरा.

संगणकाची ओळखच नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलपासून सुरुवात करा. साधारण दहा मिनिटांचे धडे, पुष्कळसे मराठी आवाजात: लिबरऑफिस, पायथन, लाटेक, जिम्प. एकदा उतरवले की नेटशिवाय चालतात. पद्धत अशी की अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर प्रत्यक्ष सॉफ्टवेअर, धडा थांबवत थांबवत तेच आपण करायचे. नुसते बघून काही येत नाही.

गावी नेटच नसेल पण छपरावर डीडी फ्री डिशची छत्री असेल, तर स्वयंप्रभा या शैक्षणिक वाहिन्या दिसतात. रोज काही तासांचे नवे पाठ येतात आणि तेच दिवसातून पुन्हा पुन्हा दाखवले जातात, म्हणजे सकाळचा चुकला तर रात्री मिळतो.

डेटा, वीज आणि बसायची जागा

हिशेब डोक्यात ठेवा: १ एमबीपीएस वेगाने तासभर व्हिडिओ चालला की सुमारे ४५० एमबी जातात. रोजच्या दीड जीबीच्या प्लॅनमध्ये तीन तासांचे लाइव्ह वर्ग आणि वर थोडे रील्स म्हणजे संध्याकाळपर्यंत डेटा संपला. आपला कॅमेरा बंद ठेवा आणि येणाऱ्या व्हिडिओचा दर्जा ३६०पी करा, खर्च निम्म्याहून खाली येतो. नुसत्या आवाजाला तासाला ३०-४० एमबी पुरतात. नोंदवलेली व्याख्याने कॉलेजच्या वायफायवर उतरवून घ्या.

होस्टेलचे वायफाय रात्री नऊ ते अकरा दमते, सगळे एकदम बसतात. महत्त्वाच्या कामाला सकाळ घ्या. दोन सिम असतील तर ती एकाच कंपनीची नकोत. एकाचा टॉवर गेला की दुसरा तरी चालेल. इगतपुरी, त्र्यंबक, सुरगाणा भागात पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नाही, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये असाइनमेंट दोन दिवस आधी. राउटरला जोडायचा छोटा यूपीएस मिळतो, तो दोन-तीन तास काढून देतो. विजा कडाडत असतील तर मात्र राउटर आणि लॅपटॉपचे प्लग काढून ठेवा.

शहरात अभ्यासिका पुष्कळ आहेत, पण तिथे बोलता येत नाही. वाचायला आणि व्हिडिओ ऐकायला उत्तम, ऑनलाइन तोंडी परीक्षेला किंवा मुलाखतीला निरुपयोगी. त्यासाठी विभागातली रिकामी खोली आधी मागून ठेवा. इअरफोन वायरचा घ्या; ब्लूटूथवाला नेमका तुमचे नाव पुकारल्यावर चार्जिंग सोडतो. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी पंचवटी आणि त्र्यंबककडचे रस्ते बंद असतील आणि गर्दीत मोबाइलचे जाळेही दमेल. त्या तारखांच्या आसपास परीक्षा किंवा मुलाखत असेल तर आदल्या दिवशीच मुक्काम योग्य बाजूला हलवा.

कोणत्या कार्यक्रमाला जायचे

सुरुवातीला सांगितलेच पाहिजे: पाच प्रश्नांची क्विझ सोडवली की मिळणारे ई-प्रमाणपत्र नोकरी देणारा माणूस वाचतही नाही. अशी चाळीस जमवून फाइल फुगवण्यापेक्षा एक एलिट प्रमाणपत्र भारी. वेबिनारची जाहिरात आली की चार गोष्टी बघा: वक्ता कोण आणि त्याचे काम खरोखर त्या विषयात आहे का, प्रश्नोत्तरांना वेळ ठेवलाय का, आयोजक कोण, आणि पैसे कशाचे मागतायत. प्रश्नोत्तरे नसतील तर ते व्याख्यान नंतर रेकॉर्डिंगवर दीडपट वेगाने बघा, हजर राहायची गरज नाही.

जायचे ठरले तर एक तरी प्रश्न लिहून न्या. ‘सर, या क्षेत्रात स्कोप आहे का?’ हा प्रश्न नव्हे. ‘बीकॉमनंतर जीएसटीचे काम शिकायला पहिल्या सहा महिन्यांत कोणते रिटर्न भरायला यायला हवेत?’ याला उत्तर मिळते आणि वक्त्याच्या लक्षात तुमचे नाव राहते. नाव मीटिंगमध्ये ‘रेडमी नोट’ असे दिसू देऊ नका, आत शिरण्याआधी बदला.

परदेशी विद्यापीठांचे माहितीसत्र असेल तर वेळ बहुधा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) दिलेली असते. त्यात साडेपाच तास मिळवा. १४:०० म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसात. लंडन आणि अमेरिकेची घड्याळे उन्हाळ्यात तासभर पुढे जातात, तिथे अंदाज चालत नाही.

स्पर्धांमध्ये स्मार्ट इंडिया हॅकेथॉन गंभीरपणे घ्यावी अशी. २०१७ पासून होते. संघ सहा जणांचा, त्यात किमान एक मुलगी. नावे थेट जात नाहीत, आधी कॉलेजात अंतर्गत फेरी होते आणि मग समन्वयक पाठवतात. सहाही जण कोड लिहिणारे असले की संघ हरतो. सादरीकरण करणारा आणि समस्या ज्याच्या घरची आहे असा एक जण हवा. कांद्याच्या साठवणुकीवर काम करायचे तर कांदाचाळ पाहिलेला मुलगा संघात पाहिजेच.

‘आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिषद, शोधनिबंध दोन दिवसांत प्रसिद्ध’ असे वाचले की सावध व्हा. यूजीसीने मान्य संशोधन नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद केली आहे. त्या नावावर पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. इंटर्नशिप देतो पण आधी नोंदणी शुल्क भरा, असे म्हणणाराही त्यातलाच. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवता यायची शक्यता जास्त.

तुमच्या मंडळाने कार्यक्रम घ्यायचा असेल तर

वाङ्मय मंडळ असो की विज्ञान मंडळ, पहिल्यांदा ऑनलाइन कार्यक्रम घेणाऱ्यांची गाडी त्याच त्या खड्ड्यांत अडकते. आधी माणसे मोजा. झूम आणि गुगल मीट दोन्हींच्या फुकट खात्यात शंभरच जण मावतात. झूम चाळीस मिनिटांनी बंद पडते, मीट साठ मिनिटांनी. प्रथम वर्षाचे १८० विद्यार्थी येणार असतील तर कॉलेजचे सशुल्क खाते मागा किंवा मीटिंग पाच जणांची ठेवून ती यूट्यूबवर लाइव्ह दाखवा. यूट्यूबवर नव्या चॅनेलला लाइव्हची परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत लागतात, आणि मोबाइलवरून लाइव्ह करायला किमान ५० सदस्य हवेत. कार्यक्रमाच्या सकाळी चॅनेल काढणाऱ्यांची फजिती ठरलेली.

कामे वाटा: एक सूत्रसंचालक, एक जण फक्त माणसे आत घ्यायला आणि माइक बंद करायला, एक जण फक्त चॅट बघायला. ही तीन कामे एकाच्या गळ्यात मारू नका. पाहुणे बोलायला लागले की ‘आवाज येतोय का?’ विचारतात आणि चॅटमध्ये साठ जण ‘येतोय’, ‘नाही येत’, ‘सर म्यूट आहात’ लिहायला लागतात. आधीच सांगून ठेवा की उत्तर फक्त सूत्रसंचालक देईल. स्क्रीन शेअरचा हक्क होस्टपुरता ठेवा, वेटिंग रूम चालू ठेवा आणि लिंक इन्स्टाग्रामवर टाकू नका. ती फॉर्म भरणाऱ्यांनाच मेलने पाठवा. नाहीतर कोणी उपटसुंभ शिरून भलतेच व्हिडिओ लावतो आणि प्राचार्यांपुढे उत्तर तुम्हाला द्यावे लागते.

आदल्या दिवशी पाहुण्यांबरोबर दहा मिनिटांची तालीम घ्या, त्याच खोलीतून, त्याच फोनवरून. पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळा दिसतो; तोंड खिडकीकडे करून बसायला सांगा. त्यांचे सादरीकरण तुमच्याकडेही मागून ठेवा. ऐनवेळी त्यांचे नेट गेले तर साधा फोन लावा, स्पीकर चालू करून लॅपटॉपच्या माइकजवळ धरा आणि पाने तुम्ही पुढे सरकवा. कार्यक्रम तरून जातो. व्याख्यान चाळीस मिनिटे, प्रश्न पंधरा. त्यापुढे माणसे बसत नाहीत. रेकॉर्डिंग करणार असाल तर सुरुवातीलाच सांगा.

प्रमाणपत्रे द्यायची असतील तर हजेरीचा फॉर्म शेवटच्या दहा मिनिटांत उघडा, आधी नको. आधी उघडला की भरून मंडळी पळतात. फॉर्ममध्ये ‘प्रमाणपत्रावर जसे हवे तसे नाव’ असा रकाना ठेवा. नावे गुगल शीटमध्ये येतात आणि ऑटोक्रॅटसारखे अॅड-ऑन ती स्लाइडच्या नमुन्यावर घालून मेलही करते. साध्या जीमेलवरून अशा अॅड-ऑनने दिवसाला शंभरच मेल जातात, म्हणून मोठी यादी काही दिवसांत विभागा. मराठी प्रमाणपत्राला श्री-लिपी किंवा कृतिदेव हे जुने फॉन्ट नकोत, त्यात युनिकोड नावे मोडतात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या. सगळी पाठवण्याआधी ‘श्रद्धा’, ‘कृष्णा’ आणि ‘कुऱ्हाडे’ या तीन नावांची प्रमाणपत्रे काढून मोबाइलवर आणि संगणकावर दोन्हीकडे उघडून पाहा. ‘कुऱ्हाडे’मधला ऱ्ह नीट आला तर बाकीची बिनघोर पाठवा.